जळकुकडा

धुलाईच्या त्या कारखान्यात डबे गरम करायची वेगळी सोय नव्हती आणि तशी गरजही नव्हती. हायड्रोच्या मागच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, जाळीदार पत्र्याची एक पेटी ठोकलेली होती. तिच्यावर डबा ठेवायचा, हायड्रो दोन-चारदा थांबू द्यायचा, की डबा गरम. काही जण तिथे मोजे वाळवत. एकाने एकदा दोन्ही एकत्र ठेवलं, त्यानंतर पेटीवर खडूने रेघ मारून डब्यांची बाजू आणि मोज्यांची बाजू ठरवण्यात आली.

हायड्रो म्हणजे धुतलेल्या चादरींमधलं पाणी झाडणारा ड्रम. हॉटेलांच्या, इस्पितळांच्या ओल्या चादरींचे बोळे त्यात भरायचे, वरून झाकण लावायचं आणि बटण दाबायचं. ड्रम असा फिरायचा की शेजारी उभ्या माणसाचे दात आपोआप एकमेकांवर वाजत. पण फिरवणं सोपं असतं. कुणीही कुणालाही फिरवू शकतं. खरी अक्कल लागते ती थांबवायला.

ती ज्याच्याकडे होती त्याला सगळे ड्राइव्हवाला म्हणत. मोटरचा वेग चढवणारा-उतरवणारा जो ठोकळा पॅनेलमध्ये बसवलेला असतो तो ड्राइव्ह, आणि कारखान्यातले सगळे ड्राइव्ह याच्या ताब्यात. नवा माणूस आला की तो त्याला हायड्रोसमोर उभा करून एक ठरलेलं व्याख्यान देई. मोटर थांबवायची तर वीज तोडून मोकळी सोडता येते. मग ती सासऱ्यांच्या आठवणींसारखी केव्हातरी आपसूक थांबते, तोवर जेवून हात धुऊन या. नाहीतर ड्राइव्हला सांगायचं, वेग हळूहळू उतरव. पण एवढा जड ड्रम काही गुमान उतरत नाही. तो मोटरलाच ओढायला लागतो. मग मोटर वीज खायचं सोडून वीज ओकू लागते, आणि ती ड्राइव्हच्या पोटात साचते. फार साचली की ड्राइव्ह ट्रिप होतो, म्हणजे दोन्ही हात वर करून बाजूला होतो. म्हणून ती साचलेली वीज भिंतीवरच्या पेटीतल्या तारांत नेऊन जाळायची. शेवटी ड्रम रांगायला लागला की मोटरमध्ये डीसी करंट सोडून त्याला जागच्या जागी खिळवायचं.

"फिरत्या वस्तूतली ताकद हवेत विरत नाही," तो शेवटी सांगे. "कुणाला तरी जळावं लागतं."

पेटीचं कागदोपत्री नाव ब्रेकिंग रेझिस्टर. पण जुन्या सुपरवायझरने तिचं नाव कधीच जळकुकडा ठेवून टाकलं होतं. फरक एवढाच, तो म्हणे, की बाकीचे जळकुकडे दुसरा पुढे गेला की जळतात, हा दुसरा थांबला की जळतो.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात ड्राइव्हवाल्याने एक चांगलं काम केलं.

त्याच्या बायकोला एक धाकटी बहीण होती. तिच्या नवऱ्याची नोकरी सुटली, तेव्हा यानेच साहेबांकडे शब्द टाकून धाकट्या साडूला हायड्रोवर ऑपरेटर म्हणून चिकटवून दिलं. ही आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक, असं त्याचं मत पुढे झालं. त्याआधी तो मान एका जुन्या स्कूटरकडे होता.

साडूमध्ये खोट काढावी म्हटलं तर सापडत नव्हती, आणि हीच त्याची मोठी खोट. तो हळू बोले. हळू जेवे. लोकांच्या आजारी माणसांची नावानिशी चौकशी करी. तो घोरत नाही, हे मेहुणीने कुणी विचारलेलं नसताना सांगितलं होतं, आणि त्यावर ड्राइव्हवाल्याच्या बायकोने नवऱ्याकडे जी नजर टाकली, तिच्यात बरीच वर्षं होती. सासूबाईंच्या घरी हातांची खुर्ची एकच. ती मोठ्या जावयाची, हे न बोलता ठरलेलं. एका रविवारी सासूबाईंनी ती धाकट्याच्या पुढ्यात सरकवली आणि याला म्हणाल्या, "तुम्ही काय, घरचेच." घरचे असल्याचं त्याला एवढं दुःख पूर्वी कधी झालं नव्हतं.

घरी परतताना बायको म्हणाली, ते बघा, कसे शांत असतात. हायड्रोसुद्धा बंद असताना शांतच असतो, असं तो म्हणाला. बायको हसली नाही. पण त्याच दुपारी साडू नुसता "आज उकडतंय" म्हणाला होता, तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती. 'उकडतंय'मध्ये हसण्यासारखं काय आहे, हे त्याने अंथरुणावर पडल्या पडल्या सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं. त्याला सापडलं नाही.

पहिली तक्रार केली इस्त्रीवाल्याने. डबा गार राहिला.

ड्राइव्हवाल्याने पेटीच्या जाळीला हात लावून पाहिला. पेटी माठासारखी थंड होती. तार तुटली असणार, असं धरून त्याने मीटर लावला, तर तारा शाबूत, रेझिस्टर शाबूत, आकडा जिथे हवा तिथेच. मग साडूने हायड्रो थांबवला, तेव्हा त्याने पेटीच्या वायरीला क्लॅम्प मीटरचा चिमटा लावून ठेवला. शून्य. ड्राइव्हच्या पडद्यावर व्होल्टचा आकडा पाहिला. ड्रम थांबताना हा आकडा फुगायला हवा. तो हलला नाही. मोटर काहीच परत देत नव्हती. आणि ड्रम मात्र शहाण्या मुलासारखा, नेहमीच्या वेळात थांबला होता.

त्याने साडूला बाजूला केलं आणि पुढची खेप स्वतः चालवून स्वतः थांबवली. आकडा फुगला, पेटी टिकटिक वाजत तापली. इस्त्रीवाल्याने घाईघाईने डबा वर ठेवला. परत साडूने बटण दाबलं. पेटी गार. इस्त्रीवाल्याला दाबायला लावलं. गरम. साडूने दाबलं. गार.

घरी साडूला अहो-जाहो करावं लागे. कारखान्यात अरे-तुरे चाले, आणि तेवढीच मजा राहिली होती.

"काय करतोस रे तू?" त्याने विचारलं.

"बटण दाबतो."

"आणि?"

"आणि थांबायची वाट बघतो, साडूभाऊ."

हे ऐकून त्याच्या छातीत जी आग उठली, तिच्याकडे त्याने विशेष लक्ष दिलं नाही. साडूने तोंड उघडलं की त्याला हल्ली असं होतच असे.

साहेबांच्या कानावर हे गेलं, पण भलत्याच वळणाने. पेटीवर ताण येत नाही, मशीन अलगद थांबतं, पट्टा टिकतो. साहेब स्वतः येऊन पाहून गेले. याच्या हाताला गुण आहे, असं ते म्हणाले, आणि यापुढे हायड्रोला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असं सांगून गेले. जाता जाता त्यांनी साडूचा खांदा थोपटला. ड्राइव्हवाला तिथेच उभा होता. त्याच्या खांद्याला इतक्या वर्षांत साहेबांनी एकदा हात लावला होता, तोही चुकून, दार समजून.

जुना सुपरवायझर लवकरच निवृत्त होणार होता. काचेच्या केबिनमधली त्याची खुर्ची आपलीच, असं ड्राइव्हवाला धरून चालला होता. त्या खुर्चीखेरीज त्याला आयुष्याकडून दुसरं काही नको होतं. आता साहेब येता-जाता त्या खुर्चीकडे बघत आणि मग साडूकडे बघत. शिंपी आधी कापडाकडे आणि मग गिऱ्हाइकाकडे बघतो, तसं.

याच दिवसांत ड्राइव्हवाल्याचं अंग तापू लागलं.

ताप म्हणावा तर थर्मामीटर मान्य करेना. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि जागरण टाळायला सांगितलं. पण आंघोळ करून तो ओला टॉवेल खांद्यावर टाकी आणि केस विंचरून होईपर्यंत टॉवेल खडखडीत वाळलेला असे. बायको म्हणाली, तुमच्या शेजारी झोपवत नाही, चुलीशेजारी झोपल्यासारखं वाटतं. ती पुढच्या खोलीत सतरंजी टाकून झोपू लागली. जेवणाच्या सुट्टीत एकदा डबा मांडीवर घेऊन तो साडूकडे बघत बसला होता. साडूने पलीकडे एकामागून एक दोन खेपा थांबवल्या. याने झाकण उघडलं तर डब्यातून वाफ आली. इस्त्रीवाल्याने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो आपलाही डबा घेऊन शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, जरा धरता का.

त्याने धरला. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

तो तांत्रिक माणूस होता. पित्त असं यंत्राच्या तालावर उसळत नाही, एवढं त्याला कळत होतं. म्हणून एक दिवस रजा काढून तो मुद्दाम घरी थांबला, खिडकीशी खुर्ची घेऊन. पाळी सुरू होईपर्यंत सकाळ शांत गेली. मग बरगड्यांच्या आत कुणीतरी काडी ओढल्यासारखं झालं, वणवा गळ्यापर्यंत चढला आणि हळूहळू निवला. त्याने कारखान्यात फोन लावून साडूला बोलावून घेतलं.

"आत्ता थांबवलास का?"



"हो," साडू म्हणाला. "तुम्हाला कसं कळलं?"

याने फोन ठेवला.

घाबरून जायला हवं होतं. तो घाबरला नाही. उलट त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. जळायचं आपण, आणि खांदा थोपटायचा त्याचा. राबायचं आपण आणि गुण त्याच्या हाताला. हा हिशोब जगाला दाखवायचा कसा? 'माझ्या मत्सरावर तुमचं मशीन थांबतं' असं साहेबांना सांगता येत नाही. त्यासाठी अर्जाचा नमुना नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हॉलमध्ये कुणी नसताना, त्याने जळकुकड्याच्या दोन्ही वायरी सोडवल्या, टोकांना टेप गुंडाळली आणि त्या पेटीमागे लोंबत ठेवल्या. पेटीचा तसाही उपयोग नव्हता, असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. कधीतरी, एकदाच, साहेब उभे असताना साडूच्या हाताचा गुण कमी पडावा, वीज जायला जागा न मिळून ड्राइव्ह ट्रिप व्हावा, आणि सगळ्यांनी बघावं, एवढीच त्याची इच्छा होती.

ट्रिप झालेला ड्राइव्ह मोटर मोकळी सोडतो. आणि झाकणाचं कुलूप ड्रमकडे बघत नाही, ड्राइव्हकडे बघतं. ड्राइव्हने हात वर केले की कुलपाला वाटतं, शून्य झालं. ते उघडतं. आत ड्रम तसाच गरगरत असला तरी. हे तो विसरला नव्हता. तो फक्त त्याचा विचार करत नव्हता.

काही दिवस काहीच झालं नाही. पेटी भिंतीवर शोभेला उरली. साडू थांबवत राहिला, तो जळत राहिला. खडूच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना धूळ बसली.

मग एका दुपारी साडू पाणी पिण्याच्या जागेशी त्याला गाठून उभा राहिला. त्याला काही सांगायचं होतं आणि सुचत नव्हतं, हे त्याच्या हातातल्या पेल्यावरून कळत होतं. तो रिकामा झाला होता तरी साडू त्यातून पीतच होता.

सकाळी साहेबांनी बोलावलं होतं, तो म्हणाला. केबिनमधली खुर्ची घे म्हणाले.

ड्राइव्हवाल्याच्या हातातलं पाणी कोमट झालं होतं.

"मी नाही म्हटलं," साडू म्हणाला. "त्यांना म्हटलं, साडूभाऊ असताना मी कसा बसू? मला इथे आणलं त्यांनी. साहेबांनी मानलं. उद्या तुम्हाला सांगतील."

आणि मग, पेल्याच्या तळाकडे बघत तो पुढे म्हणाला की नोकरी गेली होती तेव्हा घरात त्याच्याशी धड कुणी बोलत नव्हतं. सासूबाई हातांची खुर्ची देतात ती दया म्हणून. सांभाळून घ्यावं लागतं अशा माणसाला देतात तशी. तुम्हाला कुणी तशी खुर्ची देत नाही, हे बघून मला तुमचा फार हेवा वाटायचा, असं तो म्हणाला.

ड्राइव्हवाल्याच्या छातीतलं काहीतरी बसलं. दूध उतू जाता जाता कुणी गॅस बंद करावा, तसं. पाठीवर काहीतरी ओलं सरकलं. घाम. कित्येक दिवसांत त्याला घाम टिकला नव्हता. त्याला लाज वाटली, हसू आलं, आणि त्याने साडूच्या खांद्यावर हात ठेवला. साडूने वर बघितलं. मग खेप संपत आली होती म्हणून साडू हायड्रोकडे गेला.

ड्राइव्हवाल्याने पेला पुन्हा भरला. पाणी गार होतं. ते हातात धरल्यावरही गारच राहिलं. जग मोठं छान आहे, असं त्याला वाटत होतं, आणि ते वाटणं अर्ध्यावर असतानाच त्याला वायरी आठवल्या.

हायड्रो पूर्ण वेगात होता. हॉलच्या त्या टोकाला मोटरची शीळ ऐकू येत होती, बारीक, दातांत शिरणारी. ती उतरायला लागली. म्हणजे साडूने बटण दाबलं होतं.

ती थोडी उतरली. मग मधेच तुटली.

शीळ नव्हती. नुसता वारा घुमत होता.

तो धावला. मध्ये चादरींच्या ढकलगाड्या उभ्या होत्या. त्याने हाक मारली. साडूच्या कानांत कापसाचे बोळे होते, ते घालायची सक्ती यानेच केली होती. पॅनेलवर लाल दिवा लागला होता. कुलूप टक् करून उघडलं.

साडूचा हात झाकणाकडे गेला. तो दिव्याकडे बघत नसे. त्याला कधी बघावं लागलं नव्हतं.

ओल्या चादरीच्या टोकात हात अडकला तर ड्रम माणसाला विचारत बसत नाही.

लाल बटण मारून उपयोग नव्हता. ते वीज तोडतं. वीज तुटलेलीच होती.

आता एकच गोष्ट त्या ड्रमला थांबवू शकत होती, आणि ती त्याच्याकडे उरली नव्हती.

त्याने जळायचा प्रयत्न केला. गाड्या ढकलत, धापा टाकत, तो जिवाच्या आकांताने जळायचा प्रयत्न करत होता. हातांची खुर्ची. नाही, ती दया होती. साहेबांची थाप. त्याचं काय एवढं. बायकोचं हसणं. हसू दे की बिचारीला.

झाकण वर झालं.

बाही मागे सरली.

त्याने खुर्ची दिली, ड्राइव्हवाल्याच्या मनात आलं.

दिली.

म्हणजे ती त्याची होती.

आत भडका उडाला. डोळ्यांसमोर पांढरं झालं. हायड्रोचा पट्टा माणसासारखा किंचाळला, जमीन हलली, आणि ड्रम थांबला. वेग उतरून नव्हे. होता तिथे.

साडूचा हात कोपरापर्यंत आत होता. त्याने चादर ओढून काढली. मग मान वळवून त्याने लाल दिवा पाहिला. पेटीमागे लोंबणाऱ्या वायरी पाहिल्या. गाडीला धरून उभ्या असलेल्या मोठ्या साडूला पाहिलं, ज्याच्या शर्टातून, खांद्यांवरून, वाफ निघत होती.

"वायरी सुटल्यात," साडू म्हणाला.

"जोडतो."

"असू द्या," साडू म्हणाला. त्याने कानातला कापूस काढून खिशात ठेवला. "तशाही लागत नाहीत."

ड्राइव्हवाल्याला खुर्ची मिळाली. जळकुकडा साहेबांनी भिंतीवरून उतरवून नव्या मशीनसाठी नेला. जिथे लागत नाही तिथे कशाला, असं ते म्हणाले. भिंतीत चार भोकं उरली. साडूला दुसऱ्या कामावर घ्या, म्हणून नव्या सुपरवायझरने साहेबांना दोनदा सांगून पाहिलं. साहेब हसले आणि म्हणाले, साडूवर इतकं जळू नये माणसाने.

केबिनमध्ये बसून तो काचेतून हायड्रो बघत राही. खुर्ची चांगली होती. तिला हात होते. आणि हवं ते मिळालेल्या माणसाचं जे होतं, तेच त्याचं होऊ लागलं. राग पुरेना. टॉवेल वाळायला वेळ लागू लागला. एका सकाळी ड्रम नेहमीपेक्षा बराच जास्त फिरत राहिला. ड्राइव्हच्या पडद्यावरचा आकडा काठापर्यंत फुगला आणि कसाबसा उतरला. दोघांनीही तो पाहिला, एकाने काचेच्या आतून, एकाने बाहेरून.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी साडू केबिनच्या दारात आला. आत आला नाही.

"सासूबाईंनी मला मनगटी घड्याळ घेतलं," तो म्हणाला. हात पुढे करून दाखवलं. मग जाऊन त्याने हायड्रो सुरू केला. ड्रम त्या दिवशी वेळेत थांबला.

तेव्हापासून तो रोज सकाळी यायचा आणि एकच काहीतरी सांगायचा. साहेबांनी घरी बोलावलंय. सासूबाई म्हणतात, घर माझ्या नावावर करावं. इस्त्रीवाला मला म्हणतो, खरा सुपरवायझर तूच. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर आनंद नसे, कुचेष्टा नसे. रुग्णाला गोळी देणाऱ्या माणसासारखा तो नीट, वेळेवर, पुरेसं सांगे आणि डोळे खाली घालून निघून जाई. त्यातलं खरं किती, हे ड्राइव्हवाल्याने कधी तपासलं नाही. तपासून खोटं निघालं असतं तर साडूचा हात गेला असता. दोघांत यावर एक शब्द झाला नाही. घरी, रविवारी, ते एकमेकांना अहो-जाहो करत आणि हवापाण्याबद्दल बोलत.

पण माणूस कशालाही सरावतो. घड्याळाला सरावला, घराला सरावला. सांगायच्या गोष्टी मोठ्या होत गेल्या आणि आतला जाळ लहान. गेल्या आठवड्यात ड्रम पुन्हा रेंगाळला. तेव्हा ड्राइव्हवाल्याची बायको आईकडे गेली होती. घरात उकाडा सहन होत नाही, चार दिवस तिकडे झोपते, म्हणून सांगून.

सकाळी साडू दारात येऊन उभा राहिला. मनगटावर घड्याळ नव्हतं.

"काय आज?" ड्राइव्हवाल्याने विचारलं. त्याचा आवाज थकलेला होता, आणि थोडासा कनवाळू.

"आमची ही आईकडे गेलीय," साडू म्हणाला. "चार दिवस."

"बरं मग?"

"ताई तिथे नाहीत, म्हणून सांगत होती."

ड्राइव्हवाल्याने वर पाहिलं. साडूने पहिल्यांदाच नजर खाली घातली नव्हती.

"तुम्हाला माहीत असेल," तो अगदी हळू म्हणाला, "ताईंना झोपेत बोलायची सवय आहे."

मग तो गेला. त्याने चादरी भरल्या, झाकण लावलं, कानांत कापूस घातला आणि बटण दाबलं. शीळ चढत गेली. ड्राइव्हवाला खुर्चीत बसून होता. त्याने खुर्चीचे हात धरले होते, आणि त्यांच्यावरचं रेक्झिन बोटांखाली मऊ होत होतं.

ड्रम थांबला. आवाजसुद्धा झाला नाही.

साडूने झाकण उघडलं, आत हात घातला आणि तसाच थांबला. मग एक चादर बाहेर काढून ती घेऊन तो काचेशी आला, दारातून आत आला आणि त्याने ती टेबलावर ठेवली.

कुठल्याशा हॉटेलची, मोठ्या पलंगाची पांढरी चादर. हायड्रोतून निघालेली चादर दमट असते, थंड असते. ही कोरडी होती. ड्राइव्हवाल्याने तळवा टेकून पाहिलं. ती मधोमध कोमट होती, आणि तिथेच थोडी चुरगळलेली, कुणीतरी नुकतंच तिच्यावरून उठून गेल्यासारखी.